खाच पोटात, माप पाठीवरून

पाच इंच खोलीचा वासा, म्हणजे छपराचं तिरपं लाकूड. त्याच्या पोटातून, म्हणजे खालच्या कडेतून, अडीच इंच खोल खाच काढली तर उरलं किती? निम्मं, असं कुणीही म्हणेल. पण वाकण्याविरुद्धची लाकडाची ताकद खोलीच्या वर्गाने बदलते. निम्मी खोली उरली की ताकद उरते चौथाई. एवढ्या चौथाईवर वळचणीचं सगळं बाहेर आलेलं टोक, त्यावरची कौलं, पावसात भिजून वाढलेलं त्यांचं वजन आणि शाकारणीला, म्हणजे कौलं सारखी करायला, वर चढलेला माणूस, हे सगळं पेलायचं असतं. खाच दिसायला तळहातावर मावेल एवढी, पण छपराच्या सुतारकामात इतकं मोठं नुकसान इतक्या छोट्या जागेत दुसरीकडे कुठेच करता येत नाही.

नाशकात हा विषय पुन्हा निघायला कारण आहे. गिरणारे, गंगापूर, त्र्यंबक रस्ता, घोटी-इगतपुरीकडे शेतावरची उतरत्या छपराची घरं परत बांधली जाताहेत. वासा, त्यावरची आडवी रीप आणि मंगलोरी कौल पुन्हा मागितलं जातंय. स्लॅबच्या सेंटरिंगवर वाढलेल्या हातांना खाच मारता येते, पण तिची आखणी बरेचदा अंदाजाने होते. वासा उचलून भिंतीवर टेकवायचा, पेन्सिलने खालून रेघ मारायची, कापायचा, बसला नाही तर आणखी खोल करायचा. हा शेवटचा शब्द, ‘आणखी खोल’, सगळ्यात महाग पडतो.

आधी खाच म्हणजे नेमकं काय ते. भिंतीच्या माथ्यावर जे आडवं लाकूड असतं, कुणी त्याला पाटी म्हणतं, आता बरेच जण वॉल प्लेटच म्हणतात, त्यावर तिरपा वासा नुसता ठेवला तर तो एका कडेवर टेकतो. ती कड चेपते, वासा डुगडुगतो. म्हणून वाशाच्या पोटात दोन काप घेतात. एक आडवा, पाटीच्या माथ्यावर सपाट बसणारा, ही बैठक. दुसरा उभा, ओळंब्यात, पाटीच्या बाहेरच्या अंगाला टेकणारा. दोन्ही काप जिथे मिळतात तिथे काटकोन असतो आणि वासा तिथेच सगळ्यात बारीक होतो. त्या कोपऱ्याला पुढे ‘आतला कोपरा’ म्हणतो, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

एक गैरसमज आधीच काढलेला बरा. अनेकांना वाटतं की खाचेमुळे वासा पाटीत अडकतो आणि भिंत बाहेर ढकलली जात नाही. उलट आहे. वाशाचा रेटा बाहेरच्या दिशेने असतो आणि उभा काप पाटीच्या बाहेरच्या अंगाला असतो. वासा बाहेर सरकू लागला तर तो काप पाटीपासून सुटा होतो, तिला धरत नाही. बाहेरचा रेटा धरायला समोरासमोरच्या वाशांना जोडणारी तुळई किंवा आडवा ताण लागतो, नाहीतर आढंच, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, इतकं भक्कम लागतं की वजन त्यानेच पेलावं. खाचेचं काम एकच, वजन सपाट जागेवर उतरवणं. तिच्याकडून जास्त अपेक्षा केली की माणूस ती मोठी करत जातो.

आता किती मोठी? गणित साधं आहे आणि एकदा हाताला लागलं की आयुष्यभर पुरतं. बैठकीच्या लांबीला उताराच्या कोनाच्या साइनने गुणलं की वाशाच्या कडेला काटकोनात मोजलेली खाचेची खोली मिळते. कोन, साइन हे नको असेल तर असं: उतार १२ इंचाला ६ इंच, म्हणजे १२ इंच आडवं जाताना ६ इंच चढ, असेल तर बैठकीच्या प्रत्येक इंचामागे खाच साधारण साडेतीन सूत खोल जाते. (आपलं सुतारी सूत, इंचाला ८.) उतार १२ ला ९ असेल तर दर इंचामागे जवळजवळ पाच सूत. जगभरच्या लाकूडकामाच्या रिवाजात दोन मर्यादा दिसतात, सैल ती वाशाच्या खोलीच्या एक तृतीयांश, कडक ती एक चतुर्थांश. कौलाखालच्या वाशाला चतुर्थांशच धरावी असं ठाम मत आहे. कौल जड असतं, वळचण लांब असते आणि आपल्याकडे दर वर्षी कुणीतरी त्यावर चढतंच.

पाच इंची वाशाची चौथाई म्हणजे सव्वा इंच. १२ ला ६ च्या उतारावर चार इंच रुंद पाटीभर बैठक घेतली तर खाच १ इंच ६ सुतांहून थोडी जास्त खोल जाते, म्हणजे चौथाईच काय, तृतीयांशही ओलांडते. हीच चूक सर्वत्र दिसते. पाटी चार इंच आहे म्हणून बैठक चार इंच. तसं कुठेही लिहिलेलं नाही. बैठक अडीच इंच पुरते. दीड इंचाच्या खाली मात्र जाऊ नये, कारण मग टेकू अपुरा पडतो आणि लाकूड चेपू लागतं. पाटी नसेल आणि वासा थेट विटांवर किंवा काँक्रीटवर टेकत असेल तर तीन इंच टेकू हवा. तेवढ्यासाठी वासा जास्त खोल घ्या, नाहीतर पाटी टाका. पाटी टाकणं नेहमी स्वस्त पडतं.

इगतपुरीकडे गेलं की हिशेब बदलतो. नाशिक शहर आणि इगतपुरी यांच्यात रस्त्याने जेमतेम ४५ किलोमीटर. पण शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस आणि तिकडे ३,००० च्या वर. तिकडच्या छपरांचा उतार उभा असतो, वळचण लांब असते. १२ ला ९ उतार धरला तर चार इंची बैठक पाच इंची वाशातून जवळपास अडीच इंच काढून घेते. म्हणजे सुरुवातीला म्हटलेली चौथाई ताकद, आणि तीही नेमकी जिथे वळचण लांब आहे तिथे. शहरातल्या कामाचा साचा घाटमाथ्यावर तसाच वापरला की हे होतं. तिथे बैठक दोन इंचांवर आणली की खाच १ इंच दीड सूत होते आणि चौथाईत बसते.

आखणी जमिनीवर, घोडीवर, वासा आडवा ठेवून करायची. भिंतीवर बसून, एका हाताने वासा धरून, दुसऱ्याने रेघ मारून नव्हे. मापं घ्यायला वर जावं लागतं. ती नीट घेतली तर कापायला वर जावं लागत नाही.

पहिलं माप: पाटीच्या बाहेरच्या अंगापासून समोरच्या पाटीच्या बाहेरच्या अंगापर्यंत. भिंतीच्या बाहेरून नाही. नऊ इंची भिंतीवर चार इंची पाटी कधी मधोमध असते, कधी आतल्या कडेला. भिंतीचं माप घेतलं की प्रत्येक वाशाची खाच अडीच ते पाच इंच चुकते आणि मग भिंतीवर ‘थोडं सरकवून घे’ सुरू होतं. हे माप एका टोकाला घेऊन भागत नाही. दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक खणात घ्या. जुन्या भिंती क्वचितच समांतर असतात. फरक निघाला तर पाटी सरळ करून बसवा. खाचा वेगवेगळ्या करून भिंतीचा बाक झाकू नका; कौलं तो बाक उघडा पाडतातच.

समजा हे माप १६ फूट आलं. अर्धं ८ फूट. उतार १२ ला ६, म्हणजे चढ ४ फूट. वाशाची तिरपी लांबी दर फुटामागे १३ इंच ३ सूत आणि थोडं वर, नेमकी १३.४२ इंच, आठ फुटांची ८ फूट ११ इंच अडीच सूत. ही लांबी आढ्याच्या मध्यरेषेपासून खाचेच्या उभ्या कापापर्यंतची. आढं दोन इंच जाड असेल तर वरच्या टोकाला एक इंच कमी करायचा, पण तो इंच आडवा मोजून, वाशाच्या कडेने तिरपा नव्हे. वळचण दोन फूट हवी तर उभ्या कापापासून पुढे आणखी २ फूट २ इंच साडेसहा सूत. एकूण साडेअकरा फुटांच्या आत बसतं. वखारीतून १२ फुटी माल घ्यावा.

कोन अंशात मोजायचा मोह टाळा. १२ ला ६ म्हणजे साडेसव्वीस अंशांहून किंचित जास्त. मोबाइलमधल्या ॲपवर पाहून २७ धरले तर आठ फुटांवर चढात जवळपास एक इंचाचा फरक पडतो. बारा आणि सहा हे आकडे मात्र चुकत नाहीत. आपल्याकडच्या साध्या गुण्याचं, म्हणजे काटकोन मारायच्या हत्याराचं, पातं लहान असतं, म्हणून प्लायचा काटकोन त्रिकोण कापून घ्या: एक बाजू १२ इंच, दुसरी ६. तिरप्या बाजूला दोन्हीकडून पट्टी ठोका म्हणजे तो वाशाच्या पाठीवर, म्हणजे वरच्या कडेवर, अडकून बसेल. पाठीवर टेकवला की सहा इंचांची बाजू ओळंब्याची रेघ देते आणि बारा इंचांची पाणसळीची, म्हणजे आडवी. सगळ्या कामाला हाच एक साचा.

वासा निवडताना एका टोकाकडून डोळा लावून पाहा. बाक ज्या अंगाला वर आहे ते अंग पाठ. मग गाठी पाहा. गाठ आतल्या कोपऱ्यात आली तर तो वासा तिथे अर्धमेला समजा. खाचेची जागा सरकवता येत नाही, पण वाशाचं टोक बदलता येतं: आढ्याकडचं टोक वळचणीकडे करा, तरी जमलं नाही तर तो वासा तुकड्यांसाठी ठेवा. लाकडाच्या रेषा दहा इंचांत इंचाहून जास्त तिरक्या धावत असतील तर तोही बाजूला.

आता मुख्य गोष्ट. वरच्या टोकाला ओळंब्याची रेघ मारली. तिथून वाशाच्या पाठीवर मोजलेली लांबी घेऊन दुसरी ओळंब्याची रेघ मारली. हा खाचेचा उभा काप. आता या उभ्या रेघेवर, पाठीपासून खाली मोजायचं. पोटापासून वर नाही. पाच इंची वासा ओळंब्यात मोजला तर ५ इंच पावणेपाच सूत भरतो. अडीच इंची बैठकीला उभा काप सव्वा इंच. वजा जाता उरतात ४ इंच पावणेतीन सूत. पाठीपासून तेवढं खाली उतरून टिंब द्या, तिथून आडवी रेघ पोटाकडे आणि आतल्या अंगाला. खाच आखून झाली.

पाठीपासून का, हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. आरा मशीनवरून आलेला माल पाच इंच सांगितला तरी एक वासा ४ इंच ६ सूत निघतो, दुसरा सव्वापाच. पोटापासून सव्वा इंच मोजून खाच काढली तर प्रत्येक वाशाची पाठ वेगळ्या उंचीला येते. रिपा लाटेसारख्या दिसतात, कौलं डुलतात आणि त्या लाटेच्या खळग्यात पाणी शिरतं. पाठीपासून मोजलं तर सगळ्या पाठी एका पातळीत, कमीजास्त जे असेल ते पोटात जातं, जिथे कुणाचं काही बिघडत नाही. आणि दुसरं, माझ्या दृष्टीने त्याहून मोठं: आतल्या कोपऱ्यावर उरलेलं लाकूड प्रत्येक वाशात सारखंच राहतं. वरच्या उदाहरणात ते कडेला काटकोनात मोजून ३ इंच ७ सूत आहे. वासा जाड निघाला तर खाच खोल, बारीक निघाला तर उथळ, उरलेलं तेवढंच. सुताराने काढलेलं मोजायचं नाही, राहिलेलं मोजायचं. पाच इंचांतले ३ इंच ७ सूत म्हणजे ताकदीचे १०० पैकी ६० राहिले. चार इंची बैठक घेतली असती तर ४१ राहिले असते.

बारीक निघालेल्या वाशाची बैठक मात्र लहान होते, ती दीड इंचाच्या खाली जात नाही ना, एवढं तपासा. ४ इंच ६ सुतांच्या वाशाला वरच्या मापात दोन इंचांना थोडी कमी बैठक मिळते, चालते. त्याहून बारीक असेल तर तो वासा परत करा.

खाचेच्या दोन्ही रेघा वाशाच्या दोन्ही तोंडांवर मारा, गुण्याने पोटावरून फिरवून. टाकाऊ भागावर फुली. हे पोरकट वाटतं, पण दुपारी चार वाजता विसाव्या वाशावर रेघेच्या कोणत्या बाजूला करवत लावायची हे फुलीच सांगते. आधी दोनच वासे कापा, आढ्याचा तुकडा मध्ये धरून पाटीवर बसवून पाहा. नीट बसले तर त्यातला एक नमुना म्हणून वेगळा रंग लावून ठेवा आणि बाकी सगळे त्यावरूनच आखा. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असं गेलं की पेन्सिलच्या रेघेची जाडी दर वेळी भर घालते आणि शेवटचा वासा पाव इंच भटकलेला असतो.

कापताना जो अपराध सर्रास होतो तो यंत्राच्या करवतीचा. पातं गोल असतं. अडीच इंच जाड वाशाच्या खालच्या तोंडावर काप कोपऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत वरच्या तोंडावर तो कोपरा ओलांडून दोन इंचांहून जास्त पुढे गेलेला असतो. जवळपास खाचेएवढीच दुसरी खाच, फक्त पात्याच्या जाडीची, म्हणून कुणाच्या डोळ्यात येत नाही. लाकूड रेषांच्या आडव्या ताणाला फार कच्चं असतं. उतरणारं वजन त्या कोपऱ्यावर एकवटतं आणि फट तिथून रेषेरेषेने वाशाच्या पोटात धावते. म्हणून यंत्र रेघेला टेकलं की थांबवायचं, उरलेलं हातकरवतीने, दोन्ही तोंडांकडून आळीपाळीने, आणि कोपरा पटाशीने साफ. ज्यांना हात आवरता येत नाही त्यांनी आधी कोपऱ्याशी, टाकाऊ भागात, दोन सुतांचं भोक पाडावं. करवत भोकात पडली की थांबायचं. गोल कोपऱ्यातून फट सुरू व्हायलाही जास्त जोर लागतो.

यंत्र चालवताना वासा शिकंजाने घोडीला बांधा, पायाखाली धरू नका. पात्यावरचं झाकण पाचर ठोकून उघडं ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती बोटं घेते. फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर फडकं हवं, सागाचा भुसा घशाला आणि कातडीला झोंबतो. जुन्या नाशकात वाडा उतरवला की त्याचं सागवान पुन्हा विकायला येतं आणि ते खरोखर उत्तम असतं, पण त्यात घडीव खिळे मोडून बसलेले असतात. आखण्याआधी खाचेच्या जागी दोन्ही अंगांनी लोहचुंबक फिरवा. जुन्या जोडांची भोकं पाठीवर खाचेच्या बरोबर वर येत नाहीत ना, तेही पाहा. वरून भोक आणि खालून खाच म्हणजे मध्ये काय उरलं ते पुन्हा मोजायला लागतं.

बैठक पाटीच्या आतल्या कडेच्या पलीकडे जाऊ देऊ नका. पाटी तीन इंच आणि बैठक चार इंच असेल तर आतला इंच अधांतरी राहतो, वासा पूर्ण खोलीने न टेकता कापलेल्या भागाने टेकतो आणि फट थेट खोलीच्या मधल्या गाळ्याकडे जाते. वळचणीकडची फट एकवेळ परवडते, ही नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक भागातल्या गोल वाशांना कापाचं गणित तेच, पण पाठ नक्की कुठली ते ठरवावं लागतं. सुतळी ताणून माथ्याची रेघ मारा आणि तिथून मोजा. खाच जाडीच्या चौथाईच्या आत. जमत नसेल तर खाच काढूच नका. पाटीवर उताराएवढी तिरपी ठोकळी खिळवा आणि वासा तिच्यावर बसवून बांधा. छपराचे दोन उतार कोपऱ्यात मिळतात तिथल्या कोनवाशाला १२ ऐवजी १७ धरतात, म्हणजे साचा ६ आणि १७ चा. पाठीची उंची बाकीच्या वाशांएवढीच ठेवून मग दोन्ही कडा उताराप्रमाणे तासायच्या. त्यावर वेगळं सविस्तर लिहायला हवं.

वासा बसला की दोन्ही अंगांनी तिरपे खिळे, पण आधी बारीक भोक पाडून, आणि कोपऱ्यापासून दूर. खिळ्यांवर थांबू नका. वाऱ्याच्या भारतीय मानकात नाशिकचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे आणि वळचणीखाली शिरलेला वारा छप्पर उचलायलाच बघतो. वाशावरून पाटीखाली वळवलेली, जस्त चढवलेली लोखंडी पट्टी लावा. आणि पाटी खालच्या काँक्रीटच्या पट्ट्यात १२ मिलिमीटरच्या बोल्टने, चार-चार फुटांवर. पाटीखाली डांबरी कागद, म्हणजे भिंतीतली ओल वर चढणार नाही.

आणि खाच जास्त खोल गेलीच तर? लाकडाचा भुसा आणि डिंक भरून काही होत नाही. भरलेला भाग दाब घेईल कदाचित, ताण घेणार नाही. वाशाच्या बाजूने त्याच खोलीचा दुसरा तुकडा लावा, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन फूट, बोल्टने आवळून, आणि त्या तुकड्याची खाच नीट आखलेली. खाच उथळ राहिली तर ते चांगलंच, ती रेघेपर्यंत उतरवता येते. खोल खाचेमुळे पाठ खाली बसली असेल तर बैठकीखाली पूर्ण रुंदीची एकच कठीण लाकडाची चकती घाला. प्लायचे तीन तुकडे आणि वर दगडाची कपची, असं नको; पहिल्या पावसात लाकूड फुगतं आणि पुढच्या उन्हाळ्यात ती कपची खाली पडलेली सापडते.

मृगाच्या आधी शाकारणीला कौलं निघतात तेव्हा खाचा वर्षातून एकदाच उघड्यावर येतात. आतला कोपरा बघा, वाळवीची माती खरवडा, उभ्या कापाशी पटाशीचं टोक दाबून लाकूड मऊ लागतंय का पाहा. फट दिसली तर घाबरून लगेच वासा काढू नका, वाळताना सागही थोडा तडकतो. फटीच्या शेवटाला पेन्सिलने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पुढच्या वैशाखात फट त्या रेघेच्या पुढे गेली असेल तर कौलं परत चढवायच्या आत जोडतुकडा लावा.